यंत्रांना वळण

1993 साली मार्क बर्जेस हे ब्रिटिश संशोधक ऑस्लो विद्यापीठाच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्र विभागात काम करत होते. विभागात वर्कस्टेशनं मोजकीच होती, पण वेगवेगळ्या कंपन्यांची, त्यामुळे प्रत्येकावर युनिक्सची वेगळी जात. ती सांभाळायचं काम बर्जेस यांच्या गळ्यात पडलं. चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी पाहायची तर बर्कली घराण्याच्या युनिक्सवर 'पीएस'पुढे 'एयूएक्स' ही अक्षरं लागत, सिस्टम फाइव्ह घराण्यात 'ईएफ'. छपाईची आज्ञा निराळी, फायली ठेवायच्या जागा निराळ्या. बर्जेस यांच्या स्क्रिप्टा 'अमक्या कंपनीचं यंत्र असेल तर हे, तमक्या कंपनीचं असेल तर ते' अशा जर-तरांनी भरून गेल्या.

त्यांनी मग स्क्रिप्टांचा नाद सोडला आणि सीएफइंजिन नावाची एक छोटी भाषा तयार केली. या भाषेत काय करायचं ते सांगावं लागत नसे, काय असायला हवं ते सांगायचं. अमुक फाइल रूटच्या मालकीची असावी, इतरांना ती बदलता येऊ नये, तीत अमुक ओळ असावी. प्रोग्राम मशीनकडे बघतो. तसं असेल तर गप्प बसतो, नसेल तर तसं करतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण समजा, साध्या शेल स्क्रिप्टने हॉस्ट्स फाइलच्या शेवटी एक ओळ जोडली आणि ती स्क्रिप्ट क्रॉनमध्ये लावून रोज रात्री चालवली, तर तीस दिवसांनी तीच ओळ फाइलमध्ये तीस वेळा सापडते. सीएफइंजिनला 'ही ओळ असावी' एवढंच सांगितलं, तर ते पहिल्या रात्री ओळ लिहितं आणि उरलेल्या एकोणतीस रात्री काही करत नाही. लिनक्स सर्व्हर आपोआप उभे करणं, त्यांची मांडणी राखणं, त्यांच्यावर नवा कोड चढवणं, या सगळ्या धंद्याचा पाया हा 'काही न करण्या'चा शहाणपणा आहे.

यंत्रं एकसारखी ठेवायची गरज अर्थात बर्जेस यांच्या आधीची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने 1983 साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम यांच्या मदतीने 'प्रोजेक्ट अथीना' सुरू केला. विद्यार्थ्याने आवारातल्या कुठल्याही वर्कस्टेशनपुढे बसावं आणि त्याला आपल्या फायली, आपलं टपाल जसंच्या तसं मिळावं, अशी कल्पना होती. एक्स विंडो आणि कर्बेरॉस या दोन गोष्टी याच प्रकल्पातून आल्या आणि नाव त्यांचंच झालं. त्याच प्रकल्पातली मोइरा मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही. कोणाचं खातं कुठल्या सर्व्हरवर, कोणाचं टपाल कुठे पोचवायचं, कुठलं छपाईयंत्र कुठे, हे सगळं मोइराच्या एका डेटाबेसमध्ये नोंदलेलं असे. त्यातून ठरावीक वेळाने फायली तयार होत आणि ज्या त्या सर्व्हरकडे रवाना होत. सर्व्हरवर बसून फाइल हाताने बदलायची नाही, नोंद बदलायची आणि फाइल नोंदीतून निघू द्यायची, ही शिस्त अथीनाने ऐंशीच्या दशकातच पाळली. पुढे वीस वर्षांनी तीच गोष्ट नवी म्हणून पुन्हा विकली गेली.

ऐंशीच्याच दशकात सन कंपनीने 'यलो पेजेस' काढलं. एका ठिकाणची खातेयादी साऱ्या यंत्रांना वाचता येत असे. ब्रिटिश टेलिकॉमकडे त्या नावाचा ट्रेडमार्क होता म्हणून सनने नाव बदलून एनआयएस केलं, पण आज्ञांच्या सुरुवातीची 'वायपी' ही दोन अक्षरं तशीच राहिली. बर्कलीच्या 1986 सालच्या युनिक्सबरोबर आरडिस्ट आलं. एका मुख्य यंत्रावरच्या फायली बाकीच्यांवर नेऊन टाकायचं काम ते इमानेइतबारे करी. अडचण एवढीच की सगळ्या यंत्रांवर सगळ्या फायली सारख्या नसतात. टपालाच्या सर्व्हरची मांडणी डेटाबेसच्या सर्व्हरला चालत नाही. नुसती नक्कल पुरत नाही म्हटल्यावर लोक पुन्हा स्क्रिप्टांकडे वळले, आणि बर्जेस अडकले होते तिथेच येऊन अडकले.

लिनक्स आलं तेव्हा प्रश्नाचं आकारमान बदललं. युनिक्सची वर्कस्टेशनं महाग होती, म्हणून थोडी होती. साध्या पीसीवर फुकटची ऑपरेटिंग सिस्टम चालायला लागल्यावर यंत्रांची संख्या पैशाने अडेना. 1994 साली नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डॉनल्ड बेकर यांनी सोळा साधे पीसी जोडून 'बेओवुल्फ' हा क्लस्टर उभा केला. महासंगणकाच्या कामासाठी बाजारातली यंत्रं वापरायची ही कल्पना विद्यापीठांनी लगेच उचलली. पण सोळा पीसी म्हणजे सोळा वेळा लिनक्स घालणं, आणि सोळा वेळा तेच प्रश्न: भाषा कोणती, टाइमझोन कोणता, डिस्कचे भाग किती, पॅकेजं कुठली. दहाव्या यंत्राला कंटाळून कुणीतरी वेगळं उत्तर देतो आणि पुढचे सहा महिने ते एकच यंत्र तऱ्हेवाईक का वागतं याचा शोध चालतो.

यावर तोडगा सोपा होता: उत्तरं आधीच फाइलमध्ये लिहून ठेवायची. सनच्या सोलॅरिसमध्ये याला जम्पस्टार्ट म्हणत. रेड हॅटने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात किकस्टार्ट आणलं. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी 1999 पासून डेबियनसाठी 'फाय' हे साधन चालवलं. त्याची प्रेरणा जम्पस्टार्टच होती. इंटेलच्या पीएक्सईमुळे सीडीही सुटली. यंत्राला वीज मिळाली की ते नेटवर्कवर पत्ता मागतं, एक लहानशी फाइल ओढून घेतं आणि कुणी हात न लावता इन्स्टॉल सुरू होतं. रेड हॅट घराण्यातलं लिनक्स हाताने घातलं तरी रूटच्या घरात 'अ‍ॅनाकोंडा-केएस' नावाची एक फाइल मागे राहते. आपण दिलेली सगळी उत्तरं त्यात ओळीने लिहिलेली असतात. हीच फाइल दुसऱ्या यंत्राला दिली की त्याला काही विचारावंच लागत नाही. नव्या माणसाला हा धंदा समजावून सांगायला याहून चांगला नमुना नाही.

इन्स्टॉल मात्र एका दिवसाचं असतं, आणि यंत्र त्यानंतर पाच वर्षं चालतं. रात्री दोन वाजता काहीतरी बंद पडतं, ड्यूटीवरचा अ‍ॅडमिन लॉगिन करतो, एका फाइलमध्ये एक आकडा वाढवतो, सर्व्हिस पुन्हा सुरू करतो आणि झोपायला जातो. तो आकडा कुठे लिहून ठेवलेला नसतो. असे पन्नास आकडे साठले की एका दिवशी सारखी असलेली यंत्रं एकमेकांना ओळखेनाशी होतात. धंद्यातली मंडळी याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. सर्व्हरच्या स्वयंचलनाचा खरा इतिहास हा या ड्रिफ्टशी झालेल्या भांडणाचा आहे.

ते भांडण कसं करायचं यावर दोन तट पडले, आणि योगायोग असा की दोन्ही तटांचे निबंध एकाच परिषदेत वाचले गेले. मोठ्या संगणक-केंद्रांच्या अ‍ॅडमिन मंडळींसाठी युसेनिक्स ही संस्था 'लिसा' परिषद भरवत असे. डिसेंबर 1998 मध्ये ती बॉस्टनला झाली. तिथे बर्जेस यांनी संगणकाला रोगप्रतिकारशक्ती असावी अशी मांडणी केली: यंत्र बिघडणारच, बाहेरून धक्के बसणारच, तेव्हा यंत्राने वरचेवर स्वतःला तपासून मूळ पदावर यावं. डॉक्टरची वाट बघत बसू नये. त्याच परिषदेत स्टीव्ह ट्रॉगट आणि जोएल हडलस्टन यांनी वेगळा सूर लावला. त्यांच्या मते शेकडो यंत्रांचा संच हे एकच मोठं यंत्र मानावं आणि ते कोऱ्या अवस्थेपासून, ठरलेल्या क्रमाने, पुन्हा पुन्हा उभं करता यावं. त्यांची कसोटी मजेदार होती. बॅकअप न घेतलेलं कुठलंही एक यंत्र उचलून दहाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं, तर अ‍ॅडमिनचं काही काम वाया जाईल का? जात असेल तर व्यवस्था कच्ची.

हा वाद वरवर तांत्रिक, पण मुळाशी स्वभावाचा होता. ट्रॉगट यांनी 2002 साली लान्स ब्राउन यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात ठासून सांगितलं की क्रमाला महत्त्व आहे. दोन यंत्रांवर तेच दहा बदल वेगवेगळ्या क्रमाने केले तर शेवटी ती सारखी असतीलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. बर्जेस यांचं साधन ज्या फायलींविषयी सांगितलं आहे तेवढ्याच जागेवर आणतं, न सांगितलेल्या हजार गोष्टी यंत्रात तशाच राहतात, हा त्यातला टोला होता. तो बरोबरच होता. पण खिडकीतून यंत्र फेकायला आणि नव्याने उभं करायला 2002 साली तास लागत, खरी लोखंडाची यंत्रं लागत. दुरुस्ती स्वस्त होती. बाजार त्यामुळे बर्जेस यांच्या बाजूने गेला.

बाजारात पैसाही होता. मार्क अँड्रीसन आणि बेन होरोविट्झ यांची लाउडक्लाउड ही कंपनी 1999 मध्ये दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायला निघाली. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर तिने तो धंदा ईडीएस या कंपनीला विकला आणि स्वतःपुरतं बनवलेलं स्वयंचलनाचं सॉफ्टवेअर तेवढं हाती ठेवून 'ऑप्सवेअर' हे नाव घेतलं. 2007 साली एचपीने ती कंपनी 160 कोटी डॉलरना घेतली. पुढच्या वर्षी बीएमसी या सॉफ्टवेअर कंपनीने ऑप्सवेअरची प्रतिस्पर्धी ब्लेडलॉजिक सुमारे 80 कोटी डॉलरना घेतली. ही साधनं बँका आणि टेलिफोन कंपन्यांनाच परवडत. त्याच बीएमसीचं मोठं केंद्र पुण्यात आहे. तरी पुण्या-मुंबईतल्या सेवा कंपन्यांमध्ये त्या काळी सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या हाती असायचं ते रनबुक. रनबुक म्हणजे वर्डमधला दस्तावेज, त्यात पन्नास-साठ पायऱ्या, प्रत्येक पायरीखाली एक आज्ञा. अमेरिकेतल्या ग्राहकाची शनिवार रात्रीची 'चेंज विंडो' इथे रविवारी सकाळी उघडायची. इंजिनिअर एका खिडकीतून आज्ञा उचलून पुटी या प्रोग्रामच्या काळ्या खिडकीत टाकायचा, एंटर मारायचा, पुढची पायरी. बारा सर्व्हर असले तर बारा वेळा. फोनवर ग्राहकाचा मॅनेजर, 'स्टेप थर्टी-फोर डन' असा जप.

ल्यूक कॅनीज यांनी हाताने सर्व्हर सांभाळण्याचे हाल जवळून पाहिले होते. ओरेगनमधल्या रीड कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेले कॅनीज युनिक्सचे अ‍ॅडमिन झाले, सीएफइंजिनवर सल्ला देऊ लागले, काही काळ ब्लेडलॉजिकमध्येही राहिले. 2005 साली त्यांनी पपेट काढलं. सीएफइंजिन फायली आणि ओळींच्या भाषेत बोलायचं. पपेट एक पायरी वर गेलं. पॅकेज, फाइल आणि सर्व्हिस ही त्याची त्रिमूर्ती: अमुक पॅकेज घातलेलं असावं, त्याची मांडणीची फाइल अशी असावी, सर्व्हिस चालू असावी आणि फाइल बदलली तर सर्व्हिस पुन्हा सुरू व्हावी. रेड हॅटवर यम वापरायचं की डेबियनवर अ‍ॅप्ट, हे पपेटने बघायचं. प्रत्येक यंत्रावर एक एजंट असतो, तो दर अर्ध्या तासाने मुख्य सर्व्हरकडे जाऊन 'मी कसा असायला हवा' हे विचारतो. रात्री दोन वाजता कुणी हाताने आकडा बदललाच, तर अडीचच्या आत पपेट तो पुसून टाकतं. जुन्या अ‍ॅडमिन मंडळींना याचा मनस्वी राग यायचा, आणि त्या रागातच पपेटचं यश होतं.

पपेट आल्यावर वर्षभरात, ऑगस्ट 2006 मध्ये, अ‍ॅमेझॉनने ईसी2 खुलं केलं. सर्व्हर मागवायला आता खरेदीचा कागद, ट्रक, रॅक, केबल यांपैकी काही लागेना. एक आज्ञा दिली की काही मिनिटांत लिनक्स यंत्र हजर. शंभर यंत्रं एका सकाळी उभी करता आली, पण त्यांना हाताने वळण लावणारे शंभर हात कुणाकडे नव्हते. 2009 साली अ‍ॅडम जेकब यांनी शेफ आणलं. पपेटची स्वतःची भाषा होती; शेफने सरळ रूबीतच लिहू दिलं आणि लिखाणाला 'रेसिपी', 'कुकबुक' अशी स्वयंपाकघरातली नावं दिली. फेसबुकने पुढे सीएफइंजिन सोडून शेफ घेतलं. 2009 च्याच जूनमध्ये फ्लिकरचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत सांगितलं की आम्ही दिवसाला दहाहून अधिक वेळा प्रॉडक्शनवर नवा कोड चढवतो. तिमाहीतून एकदा कोड चढवणाऱ्यांना तो आचरटपणा वाटला. बेल्जियममधले पॅट्रिक डबॉय यांना तो वाटला नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी गेंट शहरात पहिलं 'डेव्हऑप्सडेज' भरवलं, आणि नोकरीच्या जाहिरातींना एक नवा शब्द मिळाला.

या सगळ्या साधनांत एक खोच राहिली होती. सर्व्हरवर एजंट घालायला कुणालातरी आधी लॉगिन करावं लागे; एजंटांना सांभाळायला मुख्य सर्व्हर, प्रमाणपत्रं, त्यांच्या मुदती. यंत्र सांभाळायच्या यंत्रालाच एक माणूस लागायचा. मायकेल डीहान यांनी रेड हॅटमध्ये असताना इन्स्टॉलसाठी कॉबलर लिहिलं होतं, नंतर काही काळ ते पपेटच्या कंपनीतही होते. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांनी अ‍ॅन्सिबलला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर दूरून लॉगिन करायचं एसएसएच असतंच, पायथन असतंच, मग तेवढ्यावरच भागवा. हेलसिंकीच्या तातू युलोनेन यांनी विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यावर 1995 साली लिहिलेलं एसएसएच असं सतरा वर्षांनी नव्या कामी आलं.

अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक पाहिलं की ते इतक्या झटपट का पसरलं ते कळतं. वर एक ओळ: कुठल्या यंत्रांवर. खाली कामं: एनजिनएक्स पॅकेज 'प्रेझेंट' असावं, या साच्यातून मांडणीची फाइल बनवावी, ती बदलली तर एनजिनएक्स पुन्हा सुरू करावं. दहा-बारा ओळी, कंस नाहीत, अर्धविराम नाहीत, डावीकडच्या मोकळ्या जागा तेवढ्या नीट मोजायच्या. चालवलं की पडद्यावर प्रत्येक यंत्रापुढे रंग उमटतात: बदल केला तर पिवळा, आधीच बरोबर असेल तर हिरवा, फसलं तर लाल. पहिल्या खेपेला पिवळं, लगेच दुसऱ्या खेपेला सगळं हिरवं आणि शेवटच्या ओळीत 'चेंज्ड' समोर शून्य. ते शून्य दिसेपर्यंत चांगला अ‍ॅडमिन जागेवरून उठत नाही. यंत्रावर 'काउसे' हा गमतीचा प्रोग्राम असेल तर अ‍ॅन्सिबल प्रत्येक कामाचं नाव अक्षरांनी काढलेल्या गायीच्या तोंडून वदवतं. सुरुवातीच्या आवृत्त्यांना डीहान यांनी व्हॅन हेलन या रॉक बँडच्या गाण्यांची नावं दिली होती. एचपी-बीएमसीच्या करड्या जगातून आलेल्यांना हे सगळं पोरकट वाटलं, पण वापरलं त्यांनीही. ऑक्टोबर 2015 मध्ये रेड हॅटने अ‍ॅन्सिबल विकत घेतलं. मराठी वाचकाला रेड हॅटचं पुण्यातलं कार्यालय ओळखीचं असेल ते देवनागरीच्या लोहित फॉन्टमुळे. त्यानंतर अ‍ॅन्सिबलचंही काही काम तिथून होऊ लागलं.

डीहान आपलं साधन घडवत होते त्याच वर्षी अमेरिकेत हाताने कोड चढवण्याची किंमत एका कंपनीने मोजली. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतल्या शेअरबाजारातली मोठी दलाल कंपनी. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना 1 ऑगस्ट 2012 पासून लागू होणार होती, म्हणून नाइटने आधीच्या काही दिवसांत आपल्या आठ सर्व्हरांवर नवा कोड चढवायला घेतला. तंत्रज्ञाने सात सर्व्हरांवर तो चढवला. आठवा राहिला. दुसऱ्या कुणी तपासून पाहावं असा नियम नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाचा, 2003 पासून वापरात नसलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या कोडने नेमकं तेच जुनं फ्लॅग नव्या कामासाठी घेतलं होतं.

साडेनऊला बाजार उघडला. ग्राहकांच्या 212 ऑर्डरी त्या यंत्रणेपुढे आल्या आणि आठवा सर्व्हर त्या पूर्ण झाल्या हे न कळता बाजारात ऑर्डरी सोडत राहिला. 45 मिनिटांत 154 कंपन्यांच्या शेअरांचे 40 लाखांहून अधिक व्यवहार झाले. गोंधळात इंजिनिअरांनी दोष नव्या कोडचा समजून तो बाकीच्या सात सर्व्हरांवरूनही काढला, म्हणजे एका बिघडलेल्या सर्व्हरचे आठ झाले. सकाळी आठपासून यंत्रणेने कर्मचाऱ्यांना 97 ईमेल पाठवल्या होत्या, त्यांत पॉवर पेगचा उल्लेख होता. कुणी त्या धोक्याची सूचना म्हणून वाचल्या नाहीत. नुकसान 46 कोटी डॉलरहून अधिक झालं. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने पुढच्या वर्षी 1.2 कोटी डॉलरचा दंड केला, तोवर नाइट दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. एक प्लेबुक आणि आठ ओळींची यादी, एवढ्यावर आठवा सर्व्हर सुटला नसता.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. आठ सर्व्हर एका दमात सुधारणारं साधन आठ हजार सर्व्हर एका दमात पाडतं. 28 फेब्रुवारी 2017 रोजी अ‍ॅमेझॉनच्या एस3 या साठवणीच्या सेवेवर काम करणाऱ्या एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या प्लेबुकप्रमाणेच आज्ञा दिली. थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते, आज्ञेतली एक नोंद चुकीची पडली आणि हवे त्याहून बरेच निघाले. उत्तर व्हर्जिनियातला एस3 काही तास बंद राहिला आणि त्यावर चालणाऱ्या असंख्य वेबसाइट त्याच्याबरोबर. अ‍ॅमेझॉनचा 'सगळं ठीक आहे का' सांगणारा फलकही एस3वरच विसंबून असल्याने त्याला बातमी देता आली नाही. एप्रिल 2020 च्या अखेरीस थॉमस हॅच यांच्या सॉल्ट या साधनातली त्रुटी उघड झाली. मुख्य सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल तर कुणालाही ओळख न देता त्याच्या हाताखालच्या सगळ्या यंत्रांवर रूट म्हणून हुकूम सोडता येत होते. दुरुस्ती आली होती, पण ज्यांनी ती लगेच घातली नाही त्यांच्यावर काही दिवसांतच हल्ले झाले. लिनिएजओएस आणि घोस्ट हे प्रकल्प त्यात सापडले. घोस्टच्या सर्व्हरांवर चोरट्यांनी आभासी चलन खणायला घेतलं, प्रोसेसर तापले आणि म्हणून ते पकडले गेले. सर्वाधिकार एका जागी गोळा केल्यावर ती जागा राखणं हेच मुख्य काम होतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

दरम्यान ट्रॉगट यांची खिडकी परत उघडली होती. मार्च 2013 मध्ये सांता क्लारा इथल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधायचं, ठरलेल्या क्रमाने, पायरीवर पायरी. चालू यंत्र सुधारायचं नाही. नवी इमेज बांधायची, जुनी फेकायची. चॅड फाउलर यांनी त्याच वर्षी न बदलणारे सर्व्हर असावेत असा आग्रह धरला. फेकणं आता सेकंदांचं काम झालं होतं, त्यामुळे दुरुस्तीची स्वस्ताई संपली.

या काळात एक उपमा फार चालली: सर्व्हर हे लाडके पाळीव प्राणी समजू नका, कळपातली गुरं समजा, एक मेलं तर दुसरं आणा, नावं देऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या बिल बेकर यांची ती मूळ कल्पना, रँडी बायस यांनी ती गावोगाव नेली. अमेरिकेतल्या हजारो एकरांच्या कुरणांवर ती खरीही असेल. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून त्याला पुरणपोळी भरवणाऱ्या महाराष्ट्रात ती पार उलटी पडते. इथल्या शिकवणीवर्गांत ती तशीच्या तशी सांगितली जाते आणि विद्यार्थी ती तशीच पाठ करतात, ही गंमत वेगळी.

जून 2014 मध्ये गूगलने कुबरनेटिस जाहीर केलं. बोर्ग या आपल्या आतल्या यंत्रणेच्या अनुभवावर ते बेतलेलं होतं. त्यात दोन्ही जुने तट एकत्र नांदताना दिसतात. इमेज बदलायची नाही, फेकून नवी आणायची, हा ट्रॉगट यांचा हट्ट. आणि 'या प्रोग्रामच्या पाच प्रती चालू असाव्यात' असं लिहून दिल्यावर अखंड बघत राहायचं, चार दिसल्या की पाचवी उभी करायची, ही 1998 मधली बर्जेस यांची रोगप्रतिकारशक्ती. बाजार आधी बर्जेस यांनी जिंकला, नंतर ट्रॉगट यांनी, आणि शेवटी दोघांनी मिळून. डॉकर आणि कुबरनेटिस वापरणाऱ्या बहुतेक तरुणांनी मात्र दोन्ही नावं ऐकलेली नसतात. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मिचेल हाशिमोटो आणि अर्मोन दादगर यांच्या हॅशीकॉर्पने टेराफॉर्म आणलं. सर्व्हरच्या आतलं जाऊ द्या, सर्व्हर, नेटवर्क, डिस्क हे सगळंच फाइलमध्ये लिहायचं, अशी त्याची रीत.

पुढचा भाग हा मालकी बदलण्याचा आहे आणि तो लवकर आटपतो. 2020 मध्ये शेफ प्रोग्रेसने घेतलं, सॉल्टची कंपनी व्हीएमवेअरने, 2022 मध्ये पपेट परफोर्सने. ऑगस्ट 2023 मध्ये हॅशीकॉर्पने टेराफॉर्मचा मुक्त परवाना बदलून व्यापारी अटींचा परवाना लावला, तेव्हा वापरणाऱ्यांनी जुन्या कोडवरून ओपनटोफू हा फाटा काढला आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली नेला. ज्या कंपन्यांनी आपली हजारो यंत्रं टेराफॉर्मच्या फायलींत लिहून ठेवली होती, त्यांना कोणत्या बाजूला जायचं ते काही आठवड्यांत ठरवावं लागलं. मांडणी लिहून ठेवली की माणसावरचं अवलंबन जातं हे खरं, पण ती ज्या भाषेत लिहिली तिच्या मालकावरचं अवलंबन वाढतं. हा हिशेब साधन निवडताना फार थोड्यांनी केला होता.

आयबीएमने 2019 साली 3400 कोटी डॉलर मोजून रेड हॅट घेतली, आणि तिच्याबरोबर अ‍ॅन्सिबल. फेब्रुवारी 2025 मध्ये 640 कोटी डॉलरना हॅशीकॉर्पचाही सौदा पुरा झाला. सर्व्हर उभे करायला सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी दोन, टेराफॉर्म आणि अ‍ॅन्सिबल, आज एकाच मालकाची आहेत.